नाव नॅनो, डब्यात भलतेच : एका फवाऱ्याचे प्रकरण

मार्च २००६ चा शेवटचा आठवडा. जर्मनीतल्या विषबाधा माहिती केंद्रांत एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागले. काच आणि टाइल्सवर मारायचा एक नवा फवारा घरात वापरला, आणि थोड्याच वेळात खोकल्याची उबळ सुरू झाली ती थांबेना. कुणाचे डोके ठणकत होते, कुणाच्या छातीवर दडपण आले होते, कुणाला श्वास पुरत नव्हता. आठवडा संपेपर्यंत तक्रारींचा आकडा ७७ च्या घरात गेला. त्यांतल्या सहा जणांना फुप्फुसात पाणी साचल्यामुळे रुग्णालयात ठेवावे लागले.

डब्यावरच्या नावात 'नॅनो' हा शब्द होता. पुढचे दोन महिने सगळी चर्चा त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली.

उत्पादनाचे आणि कंपनीचे नाव इथे मुद्दाम गाळले आहे. ते शोधायला कुणाला फारसे कष्ट पडणार नाहीत, पण मला कंपनीचा पंचनामा करायचा नाही. धोका समोर आहे, कारण माहीत नाही आणि लोक उत्तर मागताहेत, अशा वेळी जोखीम ठरवायची कशी आणि सांगायची कशी, एवढ्यापुरतेच हे प्रकरण मी उघडतो आहे. जोखीम-संवाद शिकवताना इतके सोयीचे उदाहरण क्वचित मिळते, कारण यात कुणी खोटे बोलले नाही, कुणी माहिती दडपल्याचे दिसत नाही, आणि तरीही लोकांच्या मनात चुकीचेच चित्र राहिले.

पार्श्वभूमी

फवारा होता 'सीलिंग'चा. काच, सिरॅमिक किंवा बेसिनच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसवायचा, म्हणजे पाणी आणि मळ त्यावर टिकत नाही, ओघळून जातो. एक डबा काच-सिरॅमिकसाठी, दुसरा न्हाणीघरासाठी. याच नाममुद्रेचे उत्पादन आधी हातपंपाच्या बाटलीत विकले जात होते आणि त्याबद्दल अशा तक्रारी नव्हत्या. मार्चमध्ये ते पहिल्यांदाच दाबाखाली वायू भरलेल्या डब्यात, म्हणजे बटण दाबले की धुके सोडणाऱ्या एरोसोलच्या रूपात, दुकानांत आले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सगळ्या प्रकरणाचे मूळ तिच्यातच आहे.

नॅनो म्हणजे काय याची साधी व्याख्या अशी की १ ते १०० नॅनोमीटर इतक्या मापाचे पदार्थ. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. इतक्या बारीक कणांची वेगळी काळजी का घ्यायची, हे एका हिशोबाने कळते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांत तोडला, तर पदार्थ तितकाच राहतो पण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. त्यामुळे मोठ्या तुकड्यात निरुपद्रवी असलेला पदार्थ नॅनोकणांच्या रूपात तसाच वागेल असे गृहीत धरता येत नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगसोबत २००४ मध्ये काढलेल्या अहवालाने नेमके हेच मांडले होते: नॅनोकणांच्या रूपातली रसायने नवी रसायने समजून तपासा, आणि पुरेसे कळेपर्यंत मोकळे नॅनोकण वातावरणात सोडणे शक्य तितके टाळा.

म्हणजे २००६ मध्ये 'नॅनो' या शब्दाला दोन बाजार होते. विक्रीच्या बाजारात तो नवलाईचा शब्द होता, कुठल्याही डब्यावर छापला की माल उठत असे. तो छापायला कसली कायदेशीर अट नव्हती. युरोपीय आयोगाची नॅनोपदार्थाची शिफारसवजा व्याख्याच मुळी २०११ ची. दुसऱ्या बाजूला तज्ज्ञांच्या आणि पर्यावरण संघटनांच्या वर्तुळात हाच शब्द धोक्याची घंटा होता. पहिला मोठा अपघात कधी होतो, याकडे अनेकांचे डोळे लागले होते.

जर्मनीत आणखी एक गोष्ट होती, आणि तिचे महत्त्व मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त वाटते. तिथल्या रसायन कायद्यानुसार १९९० पासून डॉक्टरांना विषबाधेच्या घटना केंद्रीय पातळीवर कळवाव्या लागतात. हे काम २००२ मध्ये स्थापन झालेल्या बर्लिनच्या जोखीम मूल्यमापन संस्थेकडे, म्हणजे बीएफआरकडे, होते. ही व्यवस्था नसती तर सात गावांतल्या सात डॉक्टरांनी सात रुग्णांना 'घशाचा त्रास' म्हणून घरी पाठवले असते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला नसता.

अडचण नेमकी कुठे होती

जोखीम ठरवायला दोन गोष्टी लागतात: पदार्थ किती घातक आहे, आणि तो माणसाच्या शरीरात किती, कुठून, किती वेळ जातो. इथे दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले होते. श्वासातून, बंद आणि लहान खोलीत, बारीक धुक्याच्या रूपात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. डब्यात नेमके काय आहे, याचे पूर्ण मिश्रण संस्थेच्या हाती नव्हते. बाजारात डबा विकणारा एक, भरणारा दुसरा, आतले द्रावण पुरवणारा तिसरा, अशी साखळी या धंद्यात नेहमीची. सूत्र ज्याचे त्याच्याकडे व्यवसायाचे गुपित म्हणून राहते.

आकड्यांचाही घोळ होता. ७७ चे पुढे ९७ झाले, अखेरीस सुमारे ११०. वर्तमानपत्रात हा आलेख चढताना दिसला की वाचणाऱ्याला वाटते धोका वाढतो आहे. पण इशारा प्रसिद्ध झाल्यावर फोन वाढणारच. दोन दिवसांपूर्वी खोकून बरा झालेला माणूस बातमी वाचून आता फोन करतो. नुसते 'किती' विचारून भागत नाही. कधी वापरला, कोणता डबा, किती वेळ, खिडकी उघडी होती का, हे प्रत्येकाला विचारावे लागते. शिवाय ११० हा छेद नसलेला अंश आहे. किती डबे विकले गेले आणि किती जणांना काहीच झाले नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही.

दिलासा एवढाच की बहुतेकांचा त्रास साधारण दिवसभरात ओसरला. कुणी दगावले नाही.

पहिला निर्णय : बोलायचे की थांबायचे

मार्चअखेरीस संस्थेपुढे चार वाटा होत्या, असे मी मांडतो. ही मांडणी माझी. त्यांच्या बैठकीत ती याच शब्दांत झाली असेल असा दावा नाही.

मिश्रण कळेपर्यंत थांबणे ही पहिली. शास्त्रीयदृष्ट्या नीटस, पण तोवर डबे लोकांच्या घरात होते. इथे थांबणे म्हणजे आणखी फुप्फुसे पणाला लावणे. दुसरी वाट, फक्त त्या दोन डब्यांची नावे घेऊन 'हे वापरू नका' म्हणणे. स्वच्छ आणि नेमके. पण त्याच जातीचा माल दुसऱ्या नावाने कुठल्या फळीवर असेल तर तो सुटला असता. तिसरी, उत्पादनाच्या सबंध प्रकाराबद्दल सावध करणे. चौथी, सरसकट नॅनो उत्पादनांवर बोट ठेवणे. तशी मागणी बाहेरून लवकरच आली. इ.टी.सी. ग्रुप या संघटनेने एप्रिलमध्ये या प्रसंगाचा दाखला देऊन नॅनोतंत्रज्ञानाच्या वापरालाच स्थगिती द्या, असा आग्रह पुन्हा धरला.

३१ मार्चला संस्थेने तिसरी वाट धरली. प्रोपेलंट म्हणजे दाबवायू असलेले 'नॅनो-सीलिंग' फवारे वापरताना सावध राहा, असा इशारा तिने काढला. उत्पादन बाजारातून परत मागवले गेले. ते दुकानांत येऊन जेमतेम काही दिवस झाले होते.

या इशाऱ्याची वेळ मला बिनचूक वाटते. कारण माहीत नसताना कृती करता येते. त्याला रोग्यांचा एकत्र गठ्ठा, एकच उत्पादन आणि वापर व त्रास यांतले थोडे अंतर इतका पुरावा पुरतो. आणखी एक पुरावा हाताशी होता, तो कुणी प्रयोगशाळेत घडवलेला नव्हता. हातपंपाची बाटली वापरणारे खोकत नव्हते. नाममुद्रा तीच, दावा तोच, काम तेच, फरक धुक्याचा. दोन्हींतले द्रावण थेंबाथेंबाला एकसारखे होते असे गृहीत धरता येत नाही, तरीही रोगाचे कारण शोधणाऱ्याला इतकी चांगली तुलना फुकट मिळणे हे नशीबच. इशाऱ्यात दाबवायूचा उल्लेख आला तो या तुलनेच्या जोरावर.

पण त्याच वाक्यात 'नॅनो'ही होते. एका वाक्यात दोन खुणा. त्यांतली 'दाबवायू' ही खूण कारणाकडे बोट दाखवणारी होती आणि 'नॅनो' ही नुसती डब्यावरची छापील अक्षरे. बातमीदाराने कोणती उचलली असेल हे सांगायला नको. जगभर बातमी गेली ती नॅनोतंत्रज्ञानाच्या पहिल्या बळींची. दाबवायू कुणाच्या मथळ्यात मावला नाही.

फुप्फुसात काय घडत असावे

इथे जरा थांबतो, कारण हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय तोलता येत नाहीत.

हातपंपातून निघणारे थेंब मोठे असतात. ते पृष्ठभागावर बसतात किंवा खाली पडतात, आणि नाकात शिरलेच तर नाकाघशातच अडकतात. श्वासाबरोबर खोलवर जायला थेंब साधारण १० मायक्रोमीटरहून लहान लागतो, आणि वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या इवल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोहोचायला आणखी लहान. दाबवायूचा डबा नेमके असेच थेंब तयार करतो. शिवाय द्रावक हवेतच उडून जातो आणि थेंब वाटेतच आणखी आकसतो. बंद न्हाणीघरात हे धुके बराच वेळ तरंगत राहते.

वायुकोशांना आतून सर्फॅक्टंट नावाचे अस्तर असते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना कशा घट्ट चिकटतात ते आठवा. ओलसर वायुकोशही तसेच चिकटून मिटले असते. अस्तर पृष्ठताण कमी करते म्हणून ते उघडे राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेता येत नाही तो बऱ्याचदा हे अस्तर पुरेसे तयार झालेले नसते म्हणूनच. आता पाणी झटकून टाकणारा थर बनवण्यासाठीच घडवलेले संयुग वायुकोशात पोहोचले, तर ते तिथेही आपले काम करणार. अस्तर बिघडते, वायुकोश मिटतात, रक्तातले पाणी आत झिरपते. अशा उत्पादनांत साधारणपणे सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लुओरिनयुक्त संयुगे द्रावकात मिसळलेली असतात. टाइलवर जो गुण, तोच फुप्फुसात दोष.

आणि हे नवे नव्हते. चामडे आणि कापड जलरोधक करणाऱ्या फवाऱ्यांनी असाच त्रास झाल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून आहेत, त्या खुद्द जर्मनीतल्याही. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात चामड्याच्या फवाऱ्याने लोक आजारी पडले, पुढच्या वर्षी कोलोरॅडोत बुटांच्या फवाऱ्याने. २००२-०३ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये पुन्हा तेच. यांतल्या कुठल्याही डब्याची ओळख 'नॅनो' म्हणून नव्हती, म्हणून २००६ मध्ये त्यांची आठवण सामान्य वाचकाला कुणी करून दिली नाही. नव्या शब्दाच्या चकचकाटात जुनी फाइल दिसेनाशी झाली, असे मी म्हणेन. विषबाधा केंद्रांतल्या लोकांना ती फाइल ठाऊक होती.

दुसरा निर्णय : 'माहीत नाही' हे जाहीरपणे म्हणणे

११ एप्रिलला संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. दुसऱ्या दिवशीचे निवेदन थोडक्यात असे की कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही.

सरकारी संस्थेने हे म्हणणे सोपे नसते. दोन्ही बाजूंनी दाब असतो. उद्योगाला हवे असते 'नॅनोचा संबंध नाही', आंदोलकांना हवे असते 'नॅनोच जबाबदार'. यांपैकी काहीही म्हटले असते तरी त्या दिवशी ते पुराव्यापुढे धावणे ठरले असते. संस्थेने दोन्ही टाळले, आणि ते बरोबर केले.

उणीव दुसरीकडे राहिली. 'कारण कळलेले नाही' हे वाक्य एकटे सोडले की ऐकणारा त्यात आपली भीती भरतो. जोखमीबद्दल लोकांना काय वाटते यावर मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये लिहिलेला लेख या क्षेत्रात सगळे वाचतात. दिसत नाही, नवे आहे, शास्त्रज्ञांनाही कळत नाही, आणि परिणाम भयानक वाटतो, असे धोके माणसाला आकड्यांच्या हिशोबापेक्षा मोठे वाटतात. 'नॅनो' आणि 'कारण अज्ञात' हे जोडशब्द या चारही खाचांत चपखल बसतात. त्याच निवेदनात ठळकपणे तीन रकाने हवे होते: काय नक्की माहीत आहे, काय माहीत नाही, आणि ते कळण्यासाठी कोण काय करत आहे व कधीपर्यंत. पहिल्या रकान्यात सांगण्यासारखे बरेच होते. धुके, बंद खोली, त्रास लवकर सुरू होतो, बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते, पंपाच्या बाटलीबद्दल अशा तक्रारी नाहीत. एवढे ज्ञान 'अज्ञात' या शब्दाखाली झाकले गेले.

मिश्रणाची माहिती मिळायला लागलेला वेळ हा वेगळाच मुद्दा, आणि तो संवादाचा नव्हे तर यंत्रणेचा आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना डब्यात काय आहे हे शोधत बसावे लागणे कुठल्याही देशाला शोभत नाही. व्यवसायाचे गुपित आणि विषबाधा केंद्राची गरज यांचा तंटा शांततेच्या काळातच मिटवून ठेवायचा असतो.

तिसरा निर्णय : 'नॅनो नव्हते' हे कसे सांगायचे

२६ मे रोजी संस्थेने जाहीर केले की या त्रासाचे कारण नॅनोकण नव्हते. उत्पादकांकडून मिळालेल्या माहितीतून आणि तपासण्यांतून दिसले की डब्यात नॅनोकण नव्हतेच. नावातला 'नॅनो' हा शब्द पृष्ठभागावर बसणाऱ्या थराच्या जाडीला उद्देशून होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उद्योगाने सुटकेचा निःश्वास सोडला. बातमी मात्र थंडावली. 'नॅनोने माणसे आजारी पडली' ही बातमी जितकी पसरली तितकी 'नॅनोने पडली नाहीत' ही पसरत नाही. ज्यांनी दोन्ही वाचल्या त्यांच्याही डोक्यात एक सोयीस्कर समीकरण बसले: नॅनो नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही. ११० माणसे तर खरोखर आजारी पडली होती. ज्याने पडली तो प्रकार, म्हणजे थर बनवणारे रसायन अधिक दाबवायूचे बारीक धुके, पुढेही कुठल्याही नावाने बाजारात येऊ शकत होता. निवेदनाचा भर एका आरोपीला निर्दोष सोडण्यावर पडला. खऱ्या आरोपीचे वर्णन लोकांच्या लक्षात राहील असे पुढे आले नाही.

याला एक उपकथा आहे, आणि ती मला फार आवडते. अशाच प्रकारच्या 'नॅनोफिल्म' फवाऱ्यांवर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. फवारा मारल्यावर द्रावक उडून गेला की हवेत नॅनोमापाचे कणही सापडत होते. म्हणजे डब्यात मुद्दाम घातलेले नॅनोकण नसतानाही खोलीतल्या हवेत ते असू शकतात. मग 'यात नॅनो आहे का?' या प्रश्नाचे उत्तर कुठे आणि कधी मोजता यावर अवलंबून राहते. अशा वेळी हो-नाही मध्ये दिलेले कोणतेही उत्तर अर्धवटच. प्रश्नच बदलायला हवा होता: श्वासातून काय, केवढ्या मापाचे आणि किती आत जाते?

पुढे काय झाले

या डब्यांतल्या फवाऱ्याची जनावरांवर श्वसनातून तपासणी करून पाहणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नावापेक्षा तयार उत्पादनाचा फवारा हाच तपासाचा विषय होता. घटकांची एकेक यादी न तपासता, माणूस जे हुंगतो तेच तपासायचे, ही रीत मला योग्य वाटते.

संस्थेने नोव्हेंबर २००६ मध्ये आणखी एक गोष्ट केली, जिची दखल कमी घेतली जाते. अन्न, सौंदर्यप्रसाधने आणि कापडातल्या नॅनोतंत्रज्ञानावर तिने ग्राहक परिषद भरवली. तज्ज्ञ नसलेले मोजके नागरिक बसवले, त्यांना तज्ज्ञांची उलटतपासणी करू दिली आणि त्यांचे मत लेखी घेतले. लोकांना 'समजावून सांगणे' आणि लोकांचे ऐकणे यांतला फरक या प्रकरणाने त्यांना शिकवला असे म्हणायचा मोह होतो, पण परिषदेची कल्पना एवढ्या एका घटनेतून निघाली असे मी म्हणणार नाही.

'नॅनो' शब्दालाही हळूहळू कायद्याचे कुंपण पडले. युरोपात जुलै २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनोरूपातल्या घटकापुढे तसे लिहिणे बंधनकारक झाले. पूर्वी हा शब्द जाहिरात होती, आता तो माहिती झाला, निदान काही उत्पादनांपुरता.

याच काळात नॅनोकणांची खरी जोखीमही स्पष्ट होत गेली, आणि ती फवाऱ्याच्या डब्यापासून बरीच दूर होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, लांब आणि ताठ कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिबारीक पोकळ नळ्या) उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखी प्रतिक्रिया उमटलेली दिसली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या निओश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने कामगारांसाठी कार्बन नॅनोनलिकांची शिफारस-मर्यादा दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवली. तुलनेसाठी, साध्या कार्बन ब्लॅकची, म्हणजे काजळीसारख्या भुकटीची, तिथली कायदेशीर मर्यादा ३.५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन हजार पट. वर्षभराने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅनोनलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला 'माणसात कर्करोग घडवू शकेल' या २ब गटात टाकले आणि बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरण केले नाही. एकाच कुळातल्या भावंडांचे वेगवेगळे निकाल. 'नॅनो सुरक्षित की घातक' हा प्रश्नच कसा फोल आहे, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. २००६ मध्ये ज्यांनी 'लांडगा आला रे' ऐकले आणि मग लांडगा नव्हता असेही ऐकले, त्यांनी २०१३ ची ही मर्यादा किती गांभीर्याने घेतली असेल, हा प्रश्न मला सतावतो. जोखीम तिथे कोरडी भुकटी तोलणाऱ्या, ओतणाऱ्या कामगाराची आहे. तिची बातमी होत नाही.

मी काय वेगळे केले असते

उत्पादन परत मागवणे, इशारा लगेच देणे, अनिश्चितता मान्य करणे, यांत मी काही बदलले नसते. मी बदलले असते ते धोक्याला दिलेले नाव. बाजाराने दिलेले नाव इशाऱ्यात वापरले की त्या नावातला अर्थही आपण मान्य केल्यासारखे होते. डबा ओळखता यावा म्हणून नाव लिहावेच लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते डब्याच्या वर्णनात लिहावे, धोक्याच्या वर्णनात नाही.

दुसरे, जुन्या घटना पहिल्याच दिवशी सांगितल्या असत्या. 'असे पूर्वीही झाले आहे, आणि तेव्हा डबे चामड्याच्या फवाऱ्याचे होते' हे एक वाक्य भीती कमी करते आणि दक्षता वाढवते. दोन्ही एकदम साधणारी वाक्ये या कामात फार कमी मिळतात.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझे मत पक्के नाही. मेमध्ये 'नॅनो नव्हते' हे मथळ्यात घ्यायचे की नाही? न घ्यावे तर संस्था काही लपवते आहे असा संशय. घ्यावे तर नकाराचा मथळा त्या शब्दाला पुन्हा उजाळा देतो. वर्गात यावर दोन तट पडतात आणि मी दर वर्षी थोडा इकडे, थोडा तिकडे झुकतो.

३१ मार्चचा इशारा मात्र मी असा लिहिला असता:

'काच आणि टाइल्सवर थर बसवणाऱ्या, बटण दाबून धुके सोडणाऱ्या डब्यांमुळे या आठवड्यात अनेकांना खोकला आणि श्वासाचा त्रास झाला आहे. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. खाली दिलेल्या नावांचे डबे वापरू नका, दुकानात परत करा. हे धुके फुप्फुसात खोल जाते, म्हणून अशा प्रकारचा दुसरा कोणताही डबा बंद खोलीत फवारू नका. हातपंपाच्या बाटल्यांबद्दल आतापर्यंत अशी तक्रार आलेली नाही. डब्यातल्या कोणत्या घटकाने त्रास झाला हे अजून माहीत नाही. डब्यावर "नॅनो" लिहिले आहे, पण त्यात नॅनोकण आहेत की नाहीत तेही आम्ही तपासत आहोत. फवारल्यानंतर धाप लागली तर मोकळ्या हवेत या, विषबाधा केंद्राला फोन करा आणि डबा फेकू नका, आम्हाला तो हवा आहे.'